गंजवाले सर

चिमूटभर तपकिरी पावडर अंगठ्याच्या नखावर घ्यायची, ती समोरच्याच्या नाकाशी न्यायची आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायचं, "एकतरी कण दिसतोय का?" समोरचा डोळे किलकिले करून बघायचा आणि भिडेखातर म्हणायचा, "हो, दिसतोय की." त्यासरशी सर फुंकर मारून सगळी पावडर त्याच्या अंगावर उडवायचे. "दिसला म्हंजी जाडा. बुडाला धंदा आपला!"

बँकेच्या एका साहेबांचा पांढराशुभ्र सफारी त्यांनी असाच तपकिरी केला होता. आमचे मालक कर्जाच्या चिंतेनं अर्धे झाले होते, ते त्या दिवशी उरलेल्याचेही अर्धे झाले. तुमच्या ओळखीत असा एखादा माणूस असेलच. कुठे काय करू नये हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि नेमकं तेच तो करतो.

चिकलठाण्याला तेव्हा रोज नव्या शेडवर पत्रे चढत होते. आमच्या शेडमध्ये कॅसेटच्या फितीवर लावायची चुंबकीय पावडर करायचा घाट घातला होता. केसाच्या जाडीवर शेकडोंनी ओळीत बसतील इतके तिचे कण बारीक. आता त्याला नॅनो म्हणतात आणि त्यावर परिषदा भरतात. आम्ही नुसतं 'बारीक' म्हणायचो. हिराकस हा लोखंडाचा हिरवा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात कॉस्टिक सोडा घालायचा आणि खालून तासन्‌तास हवा सोडायची. मग हळदीसारखा पिवळा गाळ धरतो. तो धुऊन, वाळवून, भट्टीत लाल, मग काळा आणि शेवटी तपकिरी करायचा. थोडक्यात, हा गंजच. पण सुयांच्या आकाराचा आणि शिस्तीत वाढवलेला.

"गंज तर माझ्या गेटालापण फुकट लागतो," मालक म्हणायचे. ते गंगापूरकडचे, घरचा ऊस सोडून या भानगडीत पडलेले.

"तुमच्या गेटाचा गंज अडाणी हाय, मालक. आपला शिकवावा लागतो."

सर स्वतः मोठ्या कष्टानं शिकलेले होते. खुलताबादच्या डोंगराकडचं मेंढपाळाचं घर, भाऊ अजून मेंढरांमागे, आणि हे रसायनशास्त्राचे एम.एस्सी. गावात सगळे विचारायचे, पोरगं काय करतं? त्यांची आई खरं तेच सांगायची, "लोक लोखंड गंजू नाय म्हून तेल लावत्यात, अन्‌ माझं लेकरू गंज करायला शिकलंय." गाव हसायचं. सर ही गोष्ट आम्हाला नक्कल करून सांगायचे आणि आम्हीही हसायचो. एकदा मात्र हसणं संपल्यावर ते म्हणाले, "ताई, म्हातारीच्या हातात ठेवावं असं कायतरी झालं पायजे माझ्या हातून. बाकी कशाची हाव नाय." मी तिथल्या तपासणीच्या प्रयोगशाळेत नवीन होते. माणूस थट्टा कशाला करतो, ते मला तेव्हा थोडं कळलं.

अडचण अशी होती की बादलीत पावडर उत्तम व्हायची आणि टाकीत बिघडायची. तीच कृती, तेच हिराकस. पुण्याहून सूक्ष्मदर्शकाचे फोटो यायचे. बादलीतले कण लांबसडक बासमती, टाकीतले म्हणजे रेशनच्या तांदळाची कणी. सरांनी हवेचे पाइप बदलले, पंखा बदलला, हवा कमी केली, जास्त केली. "बादलीला लाज हाय, टाकीला नाय," म्हणून टाकीला लाथही मारून झाली. शेवटी मालकांनी सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत बघतो. नंतर जपानी पावडर आणायची आणि ही टाकी भंगारात." टाकी भंगारात म्हणजे सर मेंढरांमागे, एवढं सगळ्यांना कळत होतं.

त्याच काळात शहर नामांतरानं तापलेलं होतं. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून मोर्चे, बदलू नये म्हणून मोर्चे, मधूनच संचारबंदी. ते सगळं आमच्या शेडमध्येही यायचं. करमाडचे नाना, शेतीवाले, आमचे फोरमन. प्रकाश भीमनगरचा, नामांतराच्या मोर्चात पुढे. दोघे एका पाळीत, एका टाकीवर, आणि बोलणं बंद.

"सर, ह्याला सांगा, हवेचा व्हॉल्व्ह उघड म्हणा," नाना दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या प्रकाशबद्दल सांगायचे.

सर वळून अतिशय अदबीनं म्हणायचे, "प्रकाशराव, नाना म्हणत्यात व्हॉल्व्ह उघडा."

"त्यांना सांगा, उघडलाय."

"नाना, उघडलाय म्हणत्यात. मराठीचं मराठी करायला मला कंपनीनं जादा पगार द्यायला पायजे."

स्वतःचं मत त्यांनी कधी झाकून ठेवलं नाही. "ते नाव आलं तर मी माझी डिग्री भिंतीला लावीन, नाना. तवर ती ट्रंकंत," असं तोंडावर सांगायचे. नानांना ते पटायचं नाही, पण सरांसाठी घरून भाकरी मात्र आणायचे.

गौप्यस्फोट केला तो एका करवंटीनं. टाकी रिकामी करताना तळाचा व्हॉल्व्ह अडला, आणि टाकी धुणाऱ्या शब्बीरभाईंनी हात घालून करवंटीचा तुकडा बाहेर काढला. सरांनी तो तुकडा उलटसुलट करून बघितला. मग त्यांनी काम थांबवून सगळ्यांना टाकीजवळ बोलावलं आणि विचारलं, "ह्यात कोण काय टाकतं?"

नाना प्रकाशकडे बघेनात, प्रकाश नानांकडे. एकमेकांसमोर कबूल करणं त्या दिवसांत सोपं नव्हतं. शेवटी सरच खाली मान घालून म्हणाले, "बरं, मी सांगतो. मी भंडारा टाकतो."

मी तर उडालेच. हा माणूस देवधर्माची इतकी टिंगल करायचा की नाना कानावर हात ठेवायचे.

"आई देती पुडीत बांधून. म्हणती, टाकीत टाक. नाय टाकला तर माझ्या तोंडावर दिसतं तिला. टाकीतला माल पिवळा, भंडारा पिवळा, कोणाला कळतंय? दर घाण्याला चिमूट... चिमूट कसली, मूठच."

मग काय विचारता. नानांनी सांगितलं की ते दर घाण्याला नारळ फोडून सगळं पाणी टाकीत सोडतात, "एवढी मोठी टाकी, बिनपूजेची कशी चालवायची?" शब्बीरभाई कान पकडून म्हणाले, "सर, खुलताबाद की दरगाह के फूल और थोडी शिरनी. बरकत के वास्ते." साखरेची शिरनी! सरांनी कपाळ धरलं.

"अन्‌ प्रकाशराव, तुम्ही?"

"मी कशाला टाकीन? मी मानत नाय असलं," प्रकाश ताठ उभा राहून म्हणाला. "ह्यांना टाकताना बघायचो. मग ते पातळ व्हावं म्हणून बोअरच्या पाण्याचा पाइप सोडायचो, चांगला अर्धा तास."

सर मटकन खाली बसले आणि असे हसायला लागले, की आधी मला वाटलं रडतायत. बादली छोटी म्हणून तिची पूजा कोणी केली नव्हती. तिला नारळ नाही, शिरनी नाही, भंडारा नाही, पुरोगामी पाणीही नाही. बिचारी आपलं काम करत होती. नानांनाही हसू आलं आणि ते प्रकाशला थेट म्हणाले, "अर्धा तास? आरं, बोअर आटलं असतं की!" किती दिवसांनी त्यांनी त्याला 'आरं' म्हटलं होतं.

सर कोणावर रागावले नाहीत. टाकीशेजारी त्यांनी एक जुना पिंप आणून ठेवला, त्याला टाकीसारखंच झाकण केलं आणि जाहीर केलं, "ज्याला जे घालायचं ते ह्यात. प्रकाशराव, तुमचं पाणीपण ह्यातच." पहिली मूठ भंडाऱ्याची त्यांचीच पडली.

पुढचा घाणा बासमती निघाला, त्याच्या पुढचाही. दसऱ्याला मालकांनी टाकीला झेंडूचा हार घातला, बाहेरून. सगळ्या शेडचं एकमत झालं की हा पिंपाचा गुण. मी सरांना म्हटलं, "अहो, सांगा ना यांना खरं." ते म्हणाले, "काहून? पिंपाला काय पगार द्यायचाय?"

पुढे आमची पावडर ट्रकनं जायला लागली. सरांनी आईला एकदा कारखाना दाखवायचं ठरवलं होतं, पण दर खेपेला काही ना काही आडवं आलं. कधी मेंढरं वेळेवर उतरली नाहीत, कधी तिचे गुडघे.

मग ती संक्रांत आली. विद्यापीठाला नाव मिळालं आणि शहरभर कर्णे लागले. प्रकाश सरांना ओढून चौकात घेऊन गेला, मागून मी. चहूकडून कॅसेटवरची गाणी. प्रकाश नाचत होता, आणि सर कर्ण्याखाली मान कलती करून उभे. "आवाज स्वच्छ हाय ना, ताई? खरखर नाय ना?" त्यांनी मला ओरडून विचारलं. तेवढ्यात प्रकाशनं त्यांना गर्दीत खेचलं. इतका वाईट नाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. छातीत कळ आली, घाटी दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला. मला फार राग आला होता त्यांचा, अजूनही येतो. असं न सांगता जायचं नसतं.

त्यांचे दिवस झाल्यावर मी त्यांच्या गावी गेले. म्हातारी ओसरीवर बसली होती. बाजूला कोकरू बांधलेलं. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "तू शिकलेली हाईस, माय. मला नीट सांग, माझ्या लेकरानं केलं तरी काय?"

माझ्या पर्समध्ये एक कॅसेट होती. मी तिची फीत बोटानं थोडी बाहेर ओढली आणि म्हटलं, "आजी, ह्या फितीवरचा हा तपकिरी रंग आहे ना, हा त्यांनी केला."

तिनं फीत चिमटीत धरली आणि हळूहळू ओढायला लागली. बोटांनी चाचपायची आणि ओढायची, मेंढीच्या लोकरीचा धागा काढावा तशी. फीत संपेपर्यंत मी तिला थांबवलं नाही. मग मांडीवर साठलेला तो तपकिरी ढीग तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि घरात हाक मारून सुनेला म्हणाली, "आगं, बाहीर ये. ह्ये बघ काय केलंय त्यानं."