चौघांची होडी

दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून मी बाहेरच्या खोलीत आडवी झाले आहे. हातात मोबाइल, मोबाइलमध्ये हवा भरायच्या होड्या. आमच्या रेवाला वाढदिवसाला होडी हवी आहे आणि संध्याकाळपर्यंत मला एक ठरवायची आहे. नवऱ्याचं, हेमंतचं, म्हणणं तिघांची पुरे. "बाबा कुठे येतात पाण्यात?" तेही खरंच. सासूबाई होत्या तेव्हा त्या आणि सासरे मोचेमाडच्या किनाऱ्यावर चादर पसरून बसायचे आणि आमच्या चपला राखायचे. त्या गेल्यापासून बाबा रविवारी घरीच राहतात. गाडी निघताना ते फाटकातून हात करतात तेव्हा मला अगदी नकोसं होतं. तिघांची निळी, चौघांची पिवळी, निळी, पिवळी... डोळे मिटलेत की उघडे, कळत नाही.

"सरक गो जरा," सासूबाई म्हणतात आणि माझ्या पायाशी बसतात.

हिरवं पातळ, केसात अबोलीचा वळेसर. त्यांना जाऊन वर्ष उलटलं हे मला पक्कं ठाऊक आहे, पण पायाशी येऊन बसलेल्या माणसाला तसं सांगायचं कसं?

"आई, चहा टाकू?"

"चाय मगे. आधी होडी बघूया. मोबाइलात काय कळता? हात लावन बघूक व्हयी."

आम्ही बाजारातल्या कापडदुकानात गादीवर बसलो आहोत. दुकानदार साड्यांसारख्या होड्या उलगडून टाकतो आहे. एकीवर एक ढीग वाढतो. सासूबाई एकेकीचा काठ चिमटीत धरून चोळून पाहतात.

"रंग जातलो काय?"

"नाय ओ काकी, ग्यारंटी आसा."

"मागच्या लुगड्याक पण तू असांच सांगलंस."

मग त्या पिवळीत जाऊन बसतात, या कुशीवरून त्या कुशीवर होऊन बघतात आणि ब्लाउजपीस मागावं तशी लाइफ जॅकेटं फुकट मागून घेतात. मला हसू आवरत नाही. मी सांगलीची, मला घासाघीस जमत नाही, याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं.

"निळयेत किती बसतत?" त्या विचारतात.

"तिघं."

"आणि घरात किती?"

"चार. पण बाबांना पाणी आवडत नाही, आई."

"कोण म्हणता?" त्या चक्क रागावतात. "लग्नाआधी आख्खो दिवस खाडयेत असायचे ते."

"मग वाळूत का बसून राहायचे?"

"मी पाण्याक भियत होतंय म्हणान. माका एकटी कशी टाकतले? आता मी नाय. मगे घरात कोणाक राखत बसतत? कोणी इचारल्यान काय तेंका?"

कोणीच विचारलेलं नाही. आम्ही आपलं परस्पर ठरवून मोकळे झालो.

गादीखालून पाणी येतं. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. दुकानदार मीटरपट्टी वर धरून उभा आहे, कपाटातून लाटा येताहेत.

"आई, पाणी!"

"येवंदे. आता काय बुडान मरतलंय मी?" आणि त्या खदखदून हसतात. ज्या बाईने कधी पायाचा अंगठा भिजवला नाही ती पदर खोचून समुद्रात उभी आहे. मला इतका आनंद होतो की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

नवी वस्तू म्हटल्यावर पूजा आलीच. त्या होडीच्या टोकाला कुंकवाचं बोट लावतात आणि तिथेच नारळ आपटतात. नारळ फुटतोय कसला, तो टुणकन उडून दुकानदाराच्या हातात जातो. आम्ही दोघी पोट धरधरून हसतो.

मग हसता हसताच मला रडू फुटतं. "तुमची फार आठवण येते हो."

"येवंदे. पण होडयेत माझी जागा रिकामी ठेवू नको. थंय तेंका बसव."

वर पंखा फिरतो आहे. मोबाइल छातीवर पडला आहे. उचलून बघते तर काचेवर, पिवळ्या होडीच्या बरोबर टोकाला, कुंकवाचं बोट उमटलं आहे. माझ्या कपाळावर टिकली आहे आणि माझ्या बोटांना कुंकू नाही. मी ते पुसत नाही. तसाच मोबाइल घेऊन पडवीत जाते. बाबा वाल सोलत बसले आहेत.

"बाबा, ही चौघांची होडी आहे. येणार ना आमच्याबरोबर?"

ते चष्मा लावतात. बराच वेळ बघत राहतात, होडीकडे की कुंकवाकडे ते मला कळत नाही. मग त्या लाल ठिपक्याला अगदी लागून आपलं बोट टेकवतात.

"मी हंय बसतलंय. फुडे," ते म्हणतात. "आणि वल्ही माझ्याकडे."