सहा मोबाईल, सात नावं

शिक्षक मैत्रिणींनो, आज पांढरकवड्यात माझ्या नववीच्या वर्गात ऑनलाइन प्रश्नमंजुषा घेतली. पोरांनी घरून आणलेले सहा मोबाईल, सहा गट. कोड नेहमीसारखा वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

पडद्यावर सात नावं आली. सातवं पूनम. तिची सगळी उत्तरं बरोबर.

"शाब्बास पूनम, उभी राह!" सवयीने बोलून गेले.

मग एक पोरगी म्हणाली, "मॅडम, पूनम तं तिच्या मायसंग मुकुटबनले कापूस वेचून राह्यली ना."

दिवाळीनंतर ती आलीच नाही. पटावरून तिचं नाव मीच कमी केलं. ग्रुपमधून काढायचं तेवढं राहिलं.

मी पुढचा धडा काढला, शिकवला.

शाळा सुटली, तरी वर्गातच बसलेय. ग्रुपवर तिचा मेसेज आलाय, "मॅडम, उद्या किती वाजता?"

काय लिहू?