दाराआडून नामदेव बोलला

या ग्रुपवरचे किस्से मी वाचतो. पांढरी साडी, पैंजणं, उलटे पाय… लिहिणाऱ्याले अक्कल नाई अन् वाचणाऱ्याले काम नाई. आमच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव नदीत सोडले, भूतंही त्यांच्यासंगच वाहून गेली. मी सातवी पास, तेही रडतपडत. पण पोलिसात जिंदगी काढली, गाडीभर मढी उचलली, एकही उठून बसलं नाई. तरी हे लिहून राह्यलो. हसायचं त हसा, मले फरक पडत नाई.

तेव्हा मी वर्ध्याले शीघ्र कृती दलाचा, म्हणजे हत्यारबंद पथकाचा, प्रभारी होतो. आठ माणसं, एक गाडी. वडनेरच्या पुढं एक गाव आहे, नाव सांगत नाई. तिथून फोन आला. माघ महिना होता. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झालते.

मामला असा. एकाच घराच्या दोन भागात दोन भाऊ राहत. मोठा नामदेव, एकटा माणूस, पहिले जिनिंगमध्ये चौकीदार होता, लायसनची बाराबोर बंदूक होती त्याच्यापाशी. धाकटा गजू, बायको, सहा वर्षाची पोरगी चिमी. दोघा भावांत वर्षभर बोलणं नाई. मधल्या भिंतीतलं दार यानं आपल्या बाजूनं विटा लावून बुजवलं, त्यानं आपल्या बाजूनं. असे शहाणे! फक्त पोरगीच अंगणातून इकडून तिकडं जाये, मोठ्याबाबापाशी, म्हणजे नामदेवपाशी, निजे. त्या दिवशी पहाटेच नळावरून भांडण झालं, नामदेवनं गजूच्या फटफटीवर गोळी झाडली अन् दार लावून घेतलं. पोरगी आतच होती. त्यानंतर आतून आवाज नाई.

माय अंगणात बसून एकच म्हणे, "माही चिमी काढा हो, बाकी काई नाई मांगत."

आमच्यासंग एक नवा साहेब होता, पुण्याकडचा. गॉगल. मले मामा म्हणे. पोलिसात म्हाताऱ्या शिपायाले मामा म्हणतात, मी त जमादार होतो… जाऊ द्या. त्यानं गजूले विचारलं, "मागच्या खोलीत काय आहे?"

"काई नाई साहेब, रिकामी हाय. पोट्टी समोरच्या खोलीत त्याच्याजवळ असन."

वर्षभर भावाच्या घरात पाय नाई ठेवला, अन् सांगते छातीठोक! साहेबानं ठरवलं – मागच्या खिडकीतून अश्रुधुराचं नळकांडं टाकायचं, धूर पुढं येईल, नामदेव दार उघडंल. कागदावर बरं होतं. मी म्हटलं, मी पहिले दारातून बोलतो. म्हणे, "दहा मिनिटं, मामा."

मी दाराच्या बाजूला भिंतीले पाठ लावून उभा राह्यलो. हवालदार राऊत ढाल घेऊन माह्या मांगं.

"नामदेवा, बंदूक खाली ठेव. वर्ध्यावरून आलो मी."

थोड्या वेळानं आतून आवाज आला. खोल, दमलेला. "जमादार, थो चष्मेवाला मांगच्या खिडकीकडं काऊन गेला?"

दार बंद, खिडकी बंद. म्हटलं फटीतून पाहत असन.

"तुले काय करायचं? पोट्टीले बाहेर पाठव."

"मांगं नळकांडं नको टाकू दे. पोट्टी मांगं कापसात निजली हाय. भाव आला नाई म्हणून खोलीभर ठेवला होता. पेटला त राख होईन तिची."

तुम्हाले ठाऊक नसन, ते नळकांडं सुटलं की निखाऱ्यासारखं तापते. अन् सुका कापूस!

"मंग दार उघड ना!"

"मले उठता येत नाई."

"काऊन? सकाळी सकाळी पेला का बे?"

"मले उठता येत नाई, जमादार. तू ये."

मी मांगं पळालो. शिपायानं गॅसगन भरून खिडकीवर धरलीच होती. मी खिडकीच्या मधात उभा राह्यलो.

"साहेब, आत कापूस आहे. पोरगी त्यात निजली आहे."

"कोणी सांगितलं?"

"त्यानं. आत्ताच."

साहेबानं गॉगल काढला. "मामा, मी कोपऱ्यावरच उभा होतो. तुमच्याशिवाय कोणी बोललं नाही. बाजूला व्हा."

मी राऊतकडं पाह्यलं. राऊत खाली पाहे. त्यानंही काई आयकलं नव्हतं. तरी मी पाय हलवला नाई.

साहेब म्हणे, "मी तुमच्याविरुद्ध लेखी देईन."

"द्या. शाई उरली त दुसरी प्रतही द्या."

शिपायाच्या हातातली गॅसगन ओढून घेतली, पुढं आलो अन् माणसं घेऊन दार फोडलं. चौथ्या धक्क्याले कडी तुटली.

नामदेव भिंतीले टेकून बसला होता, मांडीवर बंदूक. मी ओरडलो, "हात वर!" तो हलला नाई. बंदूक ओढली तर बोटं सुटत नव्हती. हात लाकडासारखा ताठ. मढी किती वेळानं ताठतात हे मले कोण्या पुस्तकानं नाई शिकवलं, या हातांनी शिकवलं. डॉक्टर आला, गळ्यात नळी, तोंडात पान. म्हणे हृदय बंद पडलं, पाच तास तरी झाले. मले त्याचा भरवसा नव्हता, पण माह्या हाताचा त होता.

मागच्या खोलीत कापूस खिडकीपर्यंत लागला होता. मी दोन्ही हातांनी उपसला. चिमी आत, अंगाची मोटळी करून, केसात सरकी. डोळे उघडे. मी तिले खांद्यावर घेतलं. मायच्या हातात देल्लं तेव्हा माय रडली नाई, तिनं पोरीच्या केसातली सरकी वेचायला घेतली.

त्याच्या आधी, मी दारातून बाहेर येत होतो तेव्हा पोरगी कानाशी म्हणे, "मोठेबाबा म्हणले लपून बस. मंग ते बोललेच नाई. तुमी कोनासंग बोलत होते?"

साहेबानं लेखी काई देल्लं नाई. अहवालात लिहिलं – प्रभारीच्या अनुभवामुळे बालिकेचे प्राण वाचले. बक्षीस मिळालं, मी गुमान घेतलं. गावातल्या एकानं मोबाईलवर शूटिंग केलती. त्यात मी बोलतो, थांबतो, मान हलवतो, पुन्हा बोलतो. मधात नुसतं चिमण्यांचं चिवचिव.

लई जणांनी समजावून सांगतलं. एक मास्तर म्हणे, तुमच्या मनानंच अंदाज केला. मन! माह्या मनाले भिंतीआडचा कापूस दिसला, अन् सख्ख्या भावाले नाई? एक बुवा म्हणे आत्मा होता, दक्षिणा द्या, शांती करतो. त्याले अंगणातून हाकललं. दोघंही सारखेच, माईत काई नाई अन् तोंड बंद नाई.

मी आता हिंगणघाटले राहतो. चिमी तिथंच कॉलेजात येते, बारावीले आहे. बसस्टँडवर दिसते कधी कधी, मैत्रिणींसंग हसत. साहेबाले मी जवाब देल्ला, बुवाले देल्ला, त्या पोरीले अजून नाई देल्ला. ती दिसली की मी रस्ता बदलतो. सत्तरीचा माणूस, गुडघे दुखतात, तरी मोठा फेरा घालून घरी जातो… कारण ती पुन्हा विचारंन.