हिरड्याच्या कॅप्सुली

हे गेल्या रविवारपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — आईला नाही, बायकोला नाही. आता तुम्हाला सांगतोय. मध्येमध्ये अडखळेन.

आमची वाडी डिंभे धरणाच्या वर. हिरड्याची झाडं आमच्याकडे घरच्यासारखी. सगळी वाडी हिरडा गोळा करते, वाळवते, विकते. त्या वाडीतून फार्मसी शिकायला गेलेला पहिला मी. डोक्यात हवा जायला एवढं पुरे नाही का?

शेवटच्या वर्षाला मी हिरड्याचा अर्क काढला. काचेच्या नळीतल्या जांभळ्या द्रावणात त्याचे थेंब टाकले की रंग पिवळा पडायचा — म्हणजे अर्क अँटिऑक्सिडंट म्हणून जोरात काम करतोय. पहिल्यांदा पिवळा झाला तेव्हा मी टुणकन उडीच मारली. पण तो पोटात गेल्यावर काय करतो, माणसाला किती झेपतो — ते तपासलंच नव्हतं. झाडाचंच आहे की, त्यात काय!

वहिनी तेव्हा पोटुशी होती. आई बोलता बोलता म्हणाली, "दोन जिवांच्या बाईला हिरडा देत न्हाईत रं." मी हसलो. आईला अडाणी म्हणालो. आणि मग — अर्क आटवून त्याची भुकटी कॅप्सुलीत भरली, तुरट चव जिभेला कळू नये म्हणून. वहिनीला सांगितलं, ताकदीच्या गोळ्या आहेत, कॉलेजातून आणल्यात. तिनं विश्वासानं घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला जुलाब लागले, पोटात कळा यायला लागल्या. दादानं जीपमधून घोडेगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? सगळे माझ्याकडे बघायला लागले, घरात शिकलेला मीच ना. आणि मी म्हणालो, "सकाळी मासे खाल्ले होते. शिळे असतील."

लिहिलं एकदाचं.

ते मासे ठकूमावशीचे होते. धरणातले मासे पाटीत घेऊन ती वाडीत विकायला यायची. त्यानंतर तिच्याशी कुणी भांडलं नाही. नुसती दारं लावून घेतली. थोडे दिवस तिनं हाका मारल्या, मग वाटच बदलली. वहिनी सावरली, पोरगी सुखरूप जन्मली — आणि मी काय केलं? बारशाला पेढे वाटले.

आज मी फार्मसी शिकवतो. दरवर्षी पोरांना ठणकावून सांगतो, नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे. उदाहरण मात्र दुसऱ्याचं देतो.

तीच पोरगी, ईश्वरी, आता ओतूरच्या कॉलेजात आहे. तिनं प्रोजेक्टला हिरडाच घेतला. नळीतला पिवळा रंग मोबाइलवर दाखवत म्हणाली, "काका, भारी ना? पण नळीत झालं तेच पोटात होतं, हे कशावरून?" चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, हिला कळलंय. तिला काहीच कळलं नव्हतं. तिला फक्त प्रश्न पडला होता, जो तिच्या वयात मला पडायला हवा होता. अभिमान वाटला, खोटं का बोलू? आता हिरडा किती निर्धोक, ते तपासायचं काम आम्ही दोघांनी मिळून हाती घेतलंय.

रविवारी वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या भावजी. त्या बाईला काय सांगनार?" चपला घातल्या, पातेलं घेतलं. ती पुढं, मी मागं.

ठकूमावशी अंगणात जाळं सांधत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तिनं जाळं खाली ठेवलं.

"मला वाटायचं माझ्याच हातनं घात झाला व्हता," ती म्हणाली. "पोटुशी बाई व्हती ना. लई वरसं त्येच वाटायचं."

माझं खोटं तिनंही खरं मानलं असेल — हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मला फार रडू आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

वहिनीनं पातेलं पुढं केलं. "मावशी, मासं हायेत का?"

काल सकाळी वाडीत हाक आली, "मासं घ्या, मासं!" दारं किलकिली झाली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं सांगितलं — मासे ताजे आहेत. त्या दिवशीही ताजेच होते.