ऑरिनचा दणका

एरी सरोवराच्या काठावरच्या आमच्या गावात ‘ऑरिनचा दणका’ म्हणजे काय, हे कुणालाही विचारा. सांगणारा आधी कंबर धरेल, मग हसेल.

ऑरिन हलावटी माझे सासरे. पार्कातल्या ‘करड्या घोडी’चे मुख्य सुतार. ही लाकडी रोलर कोस्टर उभी राहिली तेव्हा जगात सर्वांत उंच होती. तो मान केव्हाच गेला. दुसऱ्या उताराच्या तळाशी बसणारा दणका तेवढा टिकला. दर हिवाळ्यात ऑरिन तिथल्या फळ्या बदलायचे आणि जून उजाडला की दणका पुन्हा हजर! मासे तळणारी लुडमिला भर दुकानात ओरडायची, “काय सुतारबुवा, यंदा माझा चष्मा उडवणार की कवळी?”

ऑरिन तिथे हसायचे. घरी येऊन म्हणायचे, “बर्निस, माझ्या थडग्यावरही दणकाच लिहितील बघ.”

“लिहू देत की,” सासूबाई म्हणायच्या. “तुला कुठे वाचायचंय?”

मग मालकांना पुन्हा उंचीचा विक्रम हवासा झाला. घोडी नव्याने बांधायची, लोखंडी रुळांवर. पहिल्यांदा पंचाहत्तर लाख डॉलर लागले होते, आता तीन कोटी. “एवढ्यात मी सोन्याच्या फळ्या ठोकल्या असत्या!” ऑरिन गुरगुरले, पण आतून खूश. निवृत्तीआधी एकदा तरी त्या तळातून लोण्यासारखं जायचं आणि आपलं नाव त्या दणक्यातून सोडवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

उद्घाटनाच्या फेरीत सासू-सासरे पुढे, मी मागे. दुसरा उतार आला. ऑरिननी दात आवळले, सवयीने बर्निसपुढे हात आडवा धरला. गाडी सुळकन निघून गेली.

“झालं?”

“झालं.”

“मग हात काढ की.”

“असू दे जरा,” ते पुटपुटले. चेहरा मात्र सामान हरवल्यासारखा.

खाली लुडमिलाने मॅनेजर कर्टिसला धरलंच होतं. “पैसे परत दे! त्या दणक्यात माझ्या नवऱ्याने मला पहिली मिठी मारली होती. आज मेला जांभया देतोय!” तिच्यामागे ही रांग!

आठवड्याभरात कर्टिस आमच्या सोफ्यावर, हातात लिंबू सरबत. “काका, लोक ऐकत नाहीत. दणका परत हवाय. इंजिनियर म्हणतात, कुणाचं हाड न मोडणारा दणका बसवायला वीस लाख डॉलर.”

ऑरिन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “वीस लाख? अरे, तीस वर्षं मी फुकट देत होतो!”

“पण नक्की कसा बसायचा तो? इंजिनियरांना सांगायचंय.”

“मला माहितेय,” म्हणत बर्निस त्याच्या उजवीकडे बसल्या आणि कमरेने असा धक्का दिला की कर्टिस सरबतासकट गालिच्यावर.

“छे!” ऑरिन दुखावल्या आवाजात म्हणाले आणि बाह्या सरसावत उठले. “ऊठ रे, नीट बस. माझा दणका डावीकडून लागायचा.”