शेणामातीचं कोर्ट

माझ्या बाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण टेनिसचे गुण तो इंग्रजीत मोजायचा. फिफ्टीन, थर्टी, फॉर्टी, ड्यूस. पनवेलच्या साहेबांच्या क्लबात एकच कोर्ट होतं आणि ते बाने बनवलेलं होतं. बा मूळचा जवळच्या नेरे गावचा. भात झोडायला खळं कसं करतात ते त्याला लहानपणापासून येत होतं. जमीन खणायची, मुरूम घालायचा, पाणी मारून चोपायचं, मग शेणात भाताचा तूस कालवून सारवायचं. स्वातंत्र्याच्या जरा आधी कुणी गोरा साहेब कोर्ट बांधायला माणूस शोधत होता. बाने त्याला एक लांबलचक खळं करून दिलं आणि त्यावर चुन्याच्या रेघा मारल्या. तेच कोर्ट. गोरा साहेब गेला, आपले साहेब आले, बा तिथेच राहिला. दर पावसाळ्यात कोर्ट चिखल व्हायचं आणि दसऱ्याच्या सुमारास बा ते पुन्हा गुडघ्यांवर बसून सारवायचा. अशी वीस वर्षं गेली.

मला वाचायला शिकवलं ते पत्रकांनी. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. बाजारात, सभेत, एस.टी.च्या थांब्यावर कुणी छापील कागद हातात दिला की बा तो घडी घालून घरी आणायचा. कुळांचा कायदा, मिठागरांवरचा संप, गोवा, संयुक्त महाराष्ट्र. आई चिरनेरची, तिच्या माहेरी जंगल सत्याग्रहाच्या गोष्टी जेवताना निघायच्या. आई भिंतीवरच्या फळीवर तीच पत्रकं अंथरायची आणि डबे सरकवून मी ती वाचायचो. सोळाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहायला लागलो. छापखान्यात माझा मजकूर आला की खिळे जुळवणारा म्हणायचा, "आली तोफ."

सहासष्टच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावात पाण्याचे हाल होते आणि क्लबात रोज संध्याकाळी कोर्टावर पाणी मारत होते. मी पत्रक लिहिलं. क्लबाची जमीन लोकांना द्या, मुलांना खेळायला मोकळं मैदान करा. त्यात एक वाक्य होतं, लिहिताना मला फार आवडलेलं: "चार साहेबांच्या करमणुकीसाठी एक शेतकरी गुडघ्यांवर बसून शेण सारवतो, याला स्वातंत्र्य म्हणायचं काय?" खाली नाव घातलं नाही. बाची नोकरी जाईल म्हणून घातलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी संध्याकाळी बाने तेच पत्रक बाजारातून घडी घालून आणलं.

"वाच रे," तो म्हणाला. "क्लबाचं काय तरी हाय म्हनतात."

मी वाचलं. ते वाक्य आलं तेव्हा गाळावं असं मनात आलं, पण गाळलं नाही. मला वाटलं, ऐकून तो चिडेल, साहेबांवर चिडेल. बा बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"ह्यो लिवनारा कधी कोर्टावर आलेला दिसत नाय," तो म्हणाला. "गुडघ्यावर नाय बसनार तर काय खुर्चीवर बसून सारवनार? त्याच्या आयशीला विचार, ती चूल कशी सारवते."

आई चुलीपाशीच होती. ती हसली. मीही हसलो.

महिन्याभराने मामलेदार कचेरीत नवा साहेब आला. त्याला टेनिस येत नव्हतं. लोकांची मागणी आहे म्हणून त्याने कोर्ट बंद केलं. मजुरांनी एका दिवसात ते खणलं. मैदान काही झालं नाही, पाण्याच्या योजनेचे लोखंडी पाईप तिथे आणून टाकले. बाला काढलं नाही. त्याच जागेवर पाईपांचा राखणदार केलं. तो रोज सकाळी जायचा, एका पाईपावर बसायचा, संध्याकाळी यायचा. घरात त्याचं बोलणं कमी झालं. मी लिहिलं हे त्याला सांगायचं मी तेव्हापासून रोज ठरवत होतो.

डिसेंबरात बातमी आली की आपला संघ डेव्हिस कपाच्या अंतिम लढतीला ऑस्ट्रेलियात चालला आहे. भारत तिथवर पहिल्यांदाच पोचला होता. मला त्या खेळाचा राग होता, म्हणून मी ती बातमी घरी वाचून दाखवली नव्हती. बाला ती बाजारातल्या चाचांनी सांगितली. चाचा म्हणजे कोकणी मुसलमान, कापडाचे दुकानदार, मुलगा आखातात. त्याने पाठवलेला मोठा रेडिओ त्यांच्या दुकानात होता आणि त्यावर परदेशी स्टेशनं लागायची. बा घरी आला तोच माझ्या नावाने हाका मारत.

"सकाळी चाचाकडं यायचं. विंग्रजीत बोलतील ते. तू मला सांगायचं."

"मला टेनिसमधलं काय कळतं, बा?"

"तुला भाषा कळते, मला खेल कळतो. दोघं मिलून एक मानूस होतो आपन."

तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ. आम्ही उजाडताच गेलो. चाचांनी दुकानाची एकच फळी काढून आम्हाला आत घेतलं. वाटेत बाने मला नियम समजावून दिले होते. तीन दिवस, पाच सामने. चार एकेकट्याचे, एक जोडीचा. ज्याचे तीन त्याचा कप.

"एकटा खेलतो पन गुण गावाचा," बा म्हणाला. "एक हरला तर दुसऱ्यानं भरून काढायचा."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी समजत होतो, तो एकेकट्या श्रीमंतांचा खेळ आहे.

पहिल्या दिवशी आपण दोन्ही सामने हरलो. रेडिओ खरखरत होता. मी शब्द सांगायचो आणि बा त्यांचा अर्थ मला सांगायचा. "पुढं आला म्हनतो? मग आता मागं टाकनार बघ." तसंच व्हायचं. कोर्ट गवताचं आहे असं मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"गवतावर बॉल उठत नाय," तो म्हणाला. "खाली राहतो. आमच्या शेणाच्या कोर्टावर कसा छातीपर्यंत यायचा."

"अरे मियां, तुझं शेण तिकडे पाठवायचं होतंस जहाजातून," चाचा म्हणाले. "उरणहून किती लांब आहे?"

"पाठवलं असतं. मागितलं नाय कुनी."

दुसऱ्या दिवशी जोडीचा सामना होता. तो आपण जिंकू असं कुणालाच वाटत नव्हतं. दुकानात आज सातआठ माणसं जमली होती, त्यांतली निम्मी फक्त बाचा चेहरा बघून मत बनवत होती. बा काउंटरला टेकून उभा होता, डोळे मिटून. पहिला सेट गेला. मग आपल्या जोडीने एक घेतला, मग आणखी दोन. शेवटचा गुण झाला तेव्हा मी भाषांतर करण्याआधीच बाने डोळे उघडले, कारण आकडे त्याला कळत होते. त्याने पागोट्याच्या टोकाने तोंड पुसलं आणि चाचांनी सगळ्यांना चहा सांगितला.

मला वाटलं, आता सांगावं. आज तो खूश आहे, आज ऐकून घेईल. परतताना मी तोंड उघडलंही होतं. पण बाच बोलला.

"तू चांगलं लिवतोस असं सगली म्हनतात. एक कागद लिव कचेरीला. पाईप हलवा म्हनावं, कोर्ट परत करून देतो मी. साहेबांसाठी नको. शालेतल्या पोरांसाठी. ही पोरं खेलली नाय तर पुढं कपाला जानार कोन? खाली तुझं नाव घाल, माझा अंगठा घे."

मी बरं म्हणालो.

तिसऱ्या दिवशी आपण हरलो. कप तिकडेच राहिला. चाचांनी रेडिओ बंद केला आणि त्यावरचं फडकं नीट केलं. मला वाटलं, बा आता कागदाचं विसरेल. तो म्हणाला, "आता तर लिवलाच पायजे."

तो अर्ज मी तीनदा लिहिला. कधी नव्हे ते मला शब्द सुचत नव्हते. दुसऱ्यांसाठी आग ओकायची सवय होती, मागणं मागायची नव्हती. शेवटी बाने सांगितलं तसं लिहिलं, साध्या वाक्यांत, किती लांबी, किती रुंदी, किती दिवस लागतील. त्याने अंगठा उठवला. मी त्याच्याशेजारी सही केली.

कचेरीत आम्ही दोघं गेलो. बा आत आला नाही. व्हरांड्यात पायरीवर बसला. "तू जा," म्हणाला. "तुझं बोलनं त्यांना समजतं."

आत कारकुनाने अर्ज वाचला, कपाटातून एक फाईल काढली आणि उघडून माझ्यापुढे सरकवली. सगळ्यात वर टाचणीने माझं पत्रक लावलेलं होतं.

"हे बघा," तो म्हणाला. "लोकांनीच मागणी केली, साहेबांनी मान्य केली. यावर हुकूम झालाय. आता तुम्ही म्हणता, परत करा. सरकार म्हणजे झोपाळा आहे का?"

"हे एकाच माणसानं लिहिलेलं असेल," मी म्हणालो.

"असेना. छापील आहे ना? तुमचा हाताने लिहिलेला." त्याने पत्रकावरून बोट फिरवलं. "आणि काय लिहितो हो माणूस. 'एक शेतकरी गुडघ्यांवर बसून'. वाचून अंगावर काटा येतो. तुमच्या अर्जात तसं काही नाही. राग मानू नका."

त्याने अर्ज त्याच फाईलमध्ये खाली घातला आणि नाडी बांधली. मी तिथेच म्हणू शकलो असतो की ते मी लिहिलं आहे, ते मागे घेतो. म्हणालो नाही. पत्रक चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पाणी लोकांना मिळायला हवंच होतं. पण त्यात जो शेतकरी मी घातला होता त्याला मी एकदाही विचारलं नव्हतं आणि तो बाहेर पायरीवर बसला होता.

"काय म्हनतात?" बाने विचारलं.

"साहेब दौऱ्यावर आहेत," मी म्हणालो. "कागद ठेवून घेतला. विचार करू म्हणाले."

"विचार करतील," बा म्हणाला आणि उठला.

त्या दिवसापासून तो तयारीला लागला. आपटा गावी पाताळगंगा नदीच्या काठची माती चांगली म्हणून तिकडून येणाऱ्या गाडीवानाला सांगून त्याने थोडी थोडी माती आणवली आणि घरामागे ढीग केला. भाताच्या गिरणीतून तुसाची पोती आणली. आई म्हणाली, "घरात मानसं राहनार का तूस?" तो म्हणाला, "चार दिवसांचा प्रश्न हाय."

दर सोमवारी तो विचारायचा, उत्तर आलं का. पहिल्या सोमवारी मी म्हणालो, साहेब अजून आले नाहीत. दुसऱ्या सोमवारी म्हणालो, निवडणुकीची गडबड आहे. ते खोटं नव्हतं, निवडणूक होती, मी स्वतः रात्रंदिवस पत्रकं लिहीत होतो. पुढे मी नुसतं म्हणायला लागलो, "जाऊन आलो, बा, अजून नाय." मी कचेरीत पुन्हा एकदाही गेलो नव्हतो. त्या वेळात वाचनालयात बसायचो.

उन्हाळ्यात त्याला खोकला सुरू झाला. पावसाळ्यात रक्त पडायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झाला. पाईपांवर बसायला दुसरा माणूस गेला. घरामागचा मातीचा ढीग पावसाने अर्धा वाहून नेला आणि उरलेल्यावर गवत उगवलं. बाने एकदा खिडकीतून ते पाहिलं आणि आईला सांगून त्यावर झावळ्या टाकून घेतल्या.

भाद्रपदातली एक दुपार. आई नदीवर गेली होती. मी त्याच्या उशाशी बसलो होतो आणि आता सांगायचंच म्हणून बसलो होतो. शब्दही ठरवले होते, पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. तेवढ्यात त्याने माझ्या पायाला हात लावला.

"सोमवार हाय ना आज?"

"हो, बा."

"जाऊन आलास?"

मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"नको जाऊ आता," तो म्हणाला. "आठ महिने झाले, दर सोमवारी जातोस. तुझं तुझं काम हाय, लिवायचं. माझ्यापायी किती खेटे घातलेस. दमला असशील."

त्याचा हात माझ्या पायावर तसाच होता. मी ठरवलेलं वाक्य गिळलं.

"नाय दमलो, बा," मी म्हणालो.

"मग पुढल्या सोमवारी एकदा जा," तो म्हणाला. "शेवटचा."

पुढच्या सोमवारी मी खरंच कचेरीत गेलो. कारकून बदलला होता. नव्याला फाईल सापडली नाही. तो म्हणाला, उद्या या. मी परत आलो तेव्हा दारात माणसं उभी होती आणि चाचा डोक्यावर रुमाल बांधून पायरीवर बसले होते.