जावयाच्या गाडीवर

दोन हजार तेवीस साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटली आणि पुढचा जन्म जंगलात बांबू तोडण्यात गेला. पायांवर मात्र भरवसा होता. चंद्रपुरात मॅरेथॉन ठरली तेव्हा कोणी विचारलं नसतानाच मी म्हटलं, मी धावतो. घरात मार खाणाऱ्या बायांना आसरा देणाऱ्या एका संस्थेसाठी वर्गणी जमवायची होती.

शेजारी हसला. "भाऊ, तिरडीचं सामान संगंच पाठवू का?"

"पाठव. येताना तुलेच बांधून आणतो."

गावाला माहीत नव्हतं की त्या आसऱ्यात माझीच लेक होती. जावई कोरपन्याकडचा. त्यानं तिचा हात मोडला होता, आणि सापडली तर जिवंत ठेवणार नाही असं बोलून बसला होता. म्हणून तिचा पत्ता मलासुद्धा दिलेला नव्हता. तिचा निरोप तेवढा आला, "बाबा, तुम्ही पोचाल तिथी मी उभी राहीन, तोंडाले स्कार्फ बांधून."

अर्धा रस्ता धावलो असेन. मागून मोटारसायकल आली आणि माझ्या बाजूनं हळूहळू चालू लागली.

"जयभीम, मामाजी."

मान न वळवताच जावयाला ओळखलं.

"कुठी आहे ती?"

"मले काय माहीत?"

"माहीत नाई? मग कोणासाठी धावून राह्यले? धावा, धावा. मी आहो ना संगं, शेवटपर्यंत."

त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. रस्त्याकडेची एक बाई कौतुकानं म्हणाली, "पाहा बाई, जवाई असावा तर असा!"

जंगलात वाघ समोर आला तर आम्ही आरडाओरडा करतो. इथं ओरडून काय सांगणार होतो? लेकीचंच नाव निघालं असतं.

लांबून भोंगा ऐकू येऊ लागला. शर्यत संपायची ते मैदान जवळ आलं. मला पाहिल्यावर ती पुढं धावत येणार, हे मी जाणत होतो. स्कार्फनं तोंड झाकतं, चाल झाकत नाही. पाय चालतच होते, आणि प्रत्येक पावलानं मी त्याला तिच्याजवळ नेत होतो.

मी छाती धरली आणि त्याच्याच गाडीवर मागं बसलो. "जवाईबापू, दवाखान्यात चला. छाती दुखून राह्यली."

माणसं जमली. चारचौघांत त्याला नाही म्हणता येईना. गाडी वळली. मी त्याची कंबर धरून कापत होतो, ते सोंग नव्हतं. हा दवाखान्यात नेतो की जंगलाच्या रस्त्याला लावतो, कोण जाणे.

नेलं दवाखान्यातच. मला सलाईन लावली आणि तो खाटेजवळ स्टूल ओढून बसला. "आता सांगा." मी डोळे मिटून पडून राहिलो. तो चहाला उठला तशी नर्सबाईकडून संस्थेच्या बाईंना फोन लावून घेतला.

"बाई, तिले तिथून न्या. तो इथी आहे."

"ती तर विचारून राह्यली, बाबा काऊन नाई आले."

"न्या म्हणतो ना!"

अंधार पडल्यावर तो कंटाळून गेला. बाईंचा पुन्हा फोन आला. उद्या सकाळी लेकीला दुसऱ्या जिल्ह्यात हलवणार होते. त्या वेळी तो कुठं असेल, याचाच घोर होता. आता ती दूर कामाला आहे, म्हणून एवढ्या दिवसांनी हे लिहितो. गावात मी अजून अर्ध्यात बसलेला म्हातारा आहे. असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं कोरपन्याला गेलो. मांड्या उचलत नव्हत्या. लेकीची गाडी निघायच्या वेळेलाच जावयाच्या दारात जाऊन बसलो, पाणी मागितलं, आणि म्हटलं, "बसा इथी. बोलायचं आहे."